परक्या बाईच्या अस्थी

चानहोम मयताची फुलं करायची. लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा घ्यायचा, बोटाभोवती वळवत पाकळ्या काढायच्या, खाली दोऱ्याने उदबत्ती आणि बारकी मेणबत्ती बांधायची. झालं चंदनाचं फूल. चितेपाशी येणारा प्रत्येक जण त्यातलं एक ठेवून जातो. ची नावाच्या नदीच्या आमच्या काठावर कुणीही गेलं तरी फुलं चानताईच्या घरून जायची. ती हसून म्हणायची, "माझ्या मालाबद्दल आजवर एकाही मेलेल्याने तक्रार केलेली नाही."

मी तिची शेजारीण. मी बाजारात कोंबडी भाजून विकते. आमच्या दोघींच्या घरांमध्ये फक्त एक बांबूचं कुंपण, तेही मोडकं, त्यामुळे तिचं काही मला चुकायचं नाही आणि माझं तिला.

तिचा नवरा थाविन उसाचा ट्रक चालवायचा. चौथीत शाळा सुटलेला. हसणं असं, की गल्लीच्या टोकाला कुत्री भुंकायला लागायची. मूलबाळ नव्हतं. दोघं भांडायची ती गाणं म्हटल्यासारखी, रोजच्या रोज, आणि भांडण संपलं की एका ताटात चिकट भात आणि मिरची घातलेली पपई खायची.

एका हंगामात त्याचा भरलेला ट्रक कालव्यात उलटला आणि उजवा पाय खाली सापडला. तालुक्याच्या दवाखान्यात म्हणाले, कापावा लागेल. शहरातल्या मेडिकल कॉलेजात नेला तेव्हा तिथली एक पोरसवदा डॉक्टरीण म्हणाली, थांबा, बघू. तिने दिवसभर उभं राहून तो पाय जोडला, आत पोलादी सळई घातली. थाविन शुद्धीवर आला तसा बोलायला लागला.

"पोरी, एवढ्याशा वयात हे शिकलीस कुठे?"

"थोरल्या गुरुजींकडे, काका."

"मग मला त्यांच्या पाया पडायचंय. कुठे असतात?"

"आता नाही भेटायचे. मी त्यांच्याकडे गेले तेव्हाच ते वारलेले होते. म्हणून तर शिकवू शकले."

आमच्याकडे मेल्यावर जो आपला देह कॉलेजला देतो त्याला शिकणारी मुलं थोरले गुरुजी म्हणतात, बाई असली तर थोरल्या बाई. सुरी लावण्याआधी हात जोडतात, नावाने हाक मारतात, आणि शिक्षण संपलं की भिक्खूंना बोलावून राजवाड्याकडून मानाने आलेल्या अग्नीने त्यांचं दहन करतात. थाविनला हे ऐकून माहीत होतं, पण आपला पाय कुणाच्या तरी पायावरून शिकून जोडलाय हे त्याच्या मनाला फार लागलं. घरी आला तो आपलाही देह द्यायचं ठरवूनच.

माझ्या दुकानासमोर बसून तो सगळ्यांना सांगायचा, "मला बाक मिळाला तो चौथीपर्यंत. मेल्यावर एकदम कॉलेजात गुरुजी! आमच्या भावकीत कुणाला जमलंय?"

"आणि पुढच्या जन्मी येशील तो तुकड्यातुकड्यांनी," चानताई म्हणायची. "हात एका गावात, पाय दुसऱ्या. मी गोळा करत फिरू का?"

"फीर की. या जन्मी दुसरं काय करतेस? माझा चष्मा शोध, माझी चप्पल शोध."

विहारातल्या भन्तेंना तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "देऊन माणूस कमी होत असता तर बुद्धांनी दान सांगितलं असतं का?" तरी तिला ते पटलं नाही. शेवटी एकदा तापात पडलेला असताना थाविनने तिचा हात धरला आणि म्हणाला, "चान, हो म्हण." ती हो म्हणाली. तोंडदेखलं नाही, खरंच म्हणाली. मी तिथे पेज घेऊन गेले होते.

त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. सळईच्या पायाने लंगडत ट्रक चालवला, मग ट्रक सोडून बागेत भाजी लावली. आणि एका उन्हाळ्यात, भर दुपारी, दोन खांबांना बांधलेल्या झोळीत आडवा झालेला तो उठलाच नाही. चानताई त्याच्यासाठी कैरी कापून मीठ-मिरची लावून घेऊन गेली होती. तिची हाक ऐकून मी कुंपण ओलांडून धावले.

कॉलेजला लगेच कळवावं लागतं. आमच्याकडचा उन्हाळा मेलेल्याला थांबू देत नाही. नंबर थाविनने स्वतः भिंतीवर कोळशाने मोठा लिहून ठेवलेला होता. चानताईने फोन हातात घेतला. तेवढ्यात शेजारच्या गावाहून थाविनची थोरली बहीण लामाई आली. आली ती रडतच, आणि रडता रडता तिची नजर त्या फोनवर गेली.

"कुणाला लावतेस? त्यांना?"

"ताई, त्याची इच्छा होती..."

"माझ्या भावाला नागडा करून पोरापोरींपुढे ठेवणार तू? मेलेल्यांची फुलं करून करून तुझं काळीज लाकडाचं झालंय का? लोक म्हणतील, बायकोला नवऱ्याला जाळायचासुद्धा कंटाळा आला!"

चानताई तशी कुणाला ऐकून घेणारी नव्हे. मला वाटलं, आता ही काहीतरी तोडून बोलेल. तिने फोन खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तसं काही नाही, ताई. त्याने विचार बदलला होता. परवाच म्हणाला, मला आपल्या विहारातच जाळ. मी फोन करत होते तो येऊ नका म्हणून सांगायला."

लामाईताईंनी डोळे पुसले. मी विश्वास ठेवला. भन्तेंनीही ठेवला. मरणाच्या जवळ माणसाचं मन फिरतं, हे कुणाला ठाऊक नाही? तीन दिवस बर्फ घातलेली शवपेटी घरात होती, सगळं गाव जेवून गेलं, चानताईने स्वतः फुलं केली, आणि विहाराच्या आवारातल्या उंच धुराड्याच्या भट्टीत थाविनला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी वेचायला गेलो तर राखेत ती सळई होती. काळी पडलेली, पण सरळच्या सरळ. भट्टीवाल्याने ती चिमट्याने उचलली आणि म्हणाला, "ही काही जळत नाही, वहिनी. घरी नेणार का टाकू?"

चानताई तिथेच मटकन खाली बसली. लोकांना वाटलं, दुःखाने.

त्यानंतर ती बदलली. फुलं वाकडी व्हायला लागली. पाकळ्या तुटायच्या, ती तशाच बांधायची. कैरीकडे बघायची नाही. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, ऊन लागलं." पावसाळा गेला, भात कापून झाला, तरी तिचं ऊन काही उतरेना. मग एक दिवस ती चांगली साडेतीन हाताची सुती फानुंग कमरेला गुंडाळून, केस बांधून शहराच्या बसमध्ये बसली. कुठे जातेस म्हटलं तर सांगितलं नाही.

ती कॉलेजात गेली होती. तिथे देहदानाचं काम बघणारा एक पिकल्या केसांचा कारकून होता. त्याच्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं नाव तुमच्याकडे आहे. तो आता यायचा नाही. मी त्याला जाळला."

कारकुनाने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, असं पुष्कळदा होतं. घरच्यांचा जीव राहत नाही. नको म्हटलं की आम्ही गाडी पाठवत नाही. यात गुन्हा नाही काही."

"तो हो म्हणाला होता. मीसुद्धा हो म्हणाले होते."

"तुमच्यावर कुणाचा राग नाही, मावशी."

ती तिथून निघाली असती. पण त्याचं ते गोड बोलणंच तिला सोसेना. रागावणारं कुणी भेटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. दारात थांबून तिने विचारलं, "तुमच्या गुरुजींना फुलं कोण देतं?" कारकून म्हणाला, बाजारातून येतात, प्लास्टिकची. दहनाचा दिवस जवळच आला होता. "या वर्षी मी देते," ती म्हणाली.

तिने इतकी फुलं कधी केली नसतील. अंगणात, पायऱ्यांवर, झोळीत, सगळीकडे फुलं. मी कोंबड्या भाजून आले की मदतीला बसायची. एकही वाकडं फूल तिने टोपलीत जाऊ दिलं नाही.

दहनाच्या दिवशी ती काळे कपडे घालून टोपल्या घेऊन गेली. मोठा मांडव होता. एकेका थोरल्या गुरुजींचा फोटो, त्याच्यापुढे पेटी, एका बाजूला पांढऱ्या कोटातली त्यांची मुलं, दुसऱ्या बाजूला घरच्यांच्या खुर्च्या. टोपल्या ठेवून ती बाजूला उभी होती. कडेच्या एका पेटीपाशी मुलं होती, पण खुर्च्या मोकळ्या होत्या. तिथली एक गोलमटोल चेहऱ्याची मुलगी तिच्याकडे धावत आली. तिचं नाव फाई.

"मावशी, तुम्ही साईयुतबाईंच्या ना? आल्यात तुम्ही! आम्हाला वाटलं, बाईंसाठी कुणीच येणार नाही!"

आणि ती मुलगी गुडघ्यांवर बसून चानताईच्या पायाशी वाकली. बाकीची मुलंही आली, तीही वाकली. चानताई मला नंतर म्हणाली, "त्या क्षणी नाही म्हणायचं होतं. फक्त एक शब्द. पण कुणीतरी मला घरचं म्हणून बोलावलं आणि माझे पाय आपोआप त्या खुर्चीकडे गेले."

मुलं तिच्याभोवती बसली. वर्षभर त्यांनी त्या बाईच्या हातातली एकेक शीर हाताळली होती, पण तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. त्यांना सगळं हवं होतं. एका मुलाने विचारलं, "बाईंच्या बोटांवर सुईचे घट्टे होते. शिवायच्या का?" फाई म्हणाली, "पोटावर जुना वण होता. मूल होतं का त्यांना? स्वभाव कसा होता हो?"

चानताई बोलायला लागली. काय सांगावं माहीत नव्हतं, म्हणून जे माहीत होतं ते सांगितलं. बाई हसायला लागल्या की गल्लीतली कुत्री भुंकायची. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. शिक्षण चौथी, पण म्हणायच्या, मेल्यावर कॉलेजात शिकवीन. मुलं हसता हसता रडली. फाईने डोळे पुसत म्हटलं, "आम्हाला वाटलंच होतं, बाई अशाच असणार."

सगळा थाविन तिने त्या बाईच्या नावावर घातला होता.

संध्याकाळी ती परत आली ती मांडीवर पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा कलश घेऊन. मी कोंबड्यांचा विस्तव विझवत होते. ती माझ्या दुकानाच्या बाकावर बसली आणि तिथे पहिल्यांदा मला सगळं सांगितलं. फोनपासून कलशापर्यंत.

"लामाईताईंच्या बोलण्याने तू घाबरलीस," मी म्हटलं.

"छे गं. ताईंचं निमित्त झालं. मलाच तो हवा होता. गाडी येऊन त्याला घेऊन गेली असती तर माझ्यापाशी काय उरलं असतं? मला पेटी हवी होती, तीन दिवस तरी घरात. म्हणून मी त्याच्या तोंडी ते शब्द घातले. मेलेला माणूस नाही कसा म्हणणार? आणि आता हिच्या तोंडीही घातले."

"कलश परत देऊन ये."

"काय तोंडाने? मुलं रडत होती."

कलश काही दिवस तिच्या देव्हाऱ्यापाशी राहिला. ती रोज त्याच्यापुढे भात ठेवायची आणि स्वतः उपाशी राहायची. शेवटी ती परत त्या कारकुनाकडे गेली. या वेळी तो गोड बोलला नाही. म्हणाला, "हे बरं नाही केलंत, मावशी." पण साईयुतबाई कुठे राहायच्या ते त्याने सांगितलं. रोइएत शहराकडच्या एका वृद्धाश्रमात.

तिथे मी चानताईबरोबर गेले. साईयुतच्या शेजारच्या खाटेवर एक बोळकी म्हातारी होती. पान चघळत तिने आम्हाला वरून खाली पाहिलं.

"कोण तुम्ही तिच्या?"

"कुणी नाही, आजी. तिच्या अस्थी माझ्याकडे आल्यात. ती कशी होती ते ऐकायला आले."

"कशी होती? खडूस होती! चादरीला एक सुरकुती दिसली की अख्ख्या खोलीचं रक्त आटवायची. शाळेच्या पोरांचे गणवेश शिवण्यात जन्म गेला. माझा हा ब्लाउज तिनेच उसवून परत शिवला, मी नको म्हणत असताना."

"हसायची का?"

"साईयुत?" म्हातारीने पानाची पिंक टाकली. "एकदा हसली. पंख्याखाली माझा कवळीचा डबा पडला तेव्हा."

मुलाबद्दल विचारलं तर म्हातारी म्हणाली, कधी बोलली नाही, आम्ही कधी विचारलं नाही. देह का दिला? "मीच विचारलं होतं. म्हणाली, माझ्यामागे रडायला कुणी नको, आणि कापड वाया जायला नको."

परत येताना बसमध्ये चानताई पूर्ण वेळ बाहेर बघत होती. मग तिने फाईला निरोप धाडला.

कॉलेजच्या आवारात, चिंचेखालच्या बाकावर तिने त्या मुलीला सगळं खरं सांगितलं. फाईचा चेहरा लाल झाला. "मावशी, मी ते सगळं माझ्या आईला सांगितलं. चष्म्याचं, कुत्र्यांचं. सराव करताना मी मनात बाईंशी बोलायचे, आता बोलले की त्या हसतात असं वाटायचं. ते तुम्ही..." ती उठून चालायला लागली. मग फिरून आली, उभ्यानेच विचारलं, "मग बाई कशा होत्या?"

चानताईने चादरीचं सांगितलं, गणवेशांचं सांगितलं, कवळीचं सांगितलं. वाया जाणाऱ्या कापडाचंही सांगितलं. फाई बसली नाही, पण सगळं ऐकून गेली.

अस्थी नदीत सोडायला चौघं विद्यार्थी आले, आश्रमातली म्हातारी आली, भन्ते आले. होडी मी ठरवली होती. फाईने कलश आपल्या हातात घेतला आणि नदीत सोडेपर्यंत चानताईकडे दिला नाही. फुलं मात्र चानताईची होती, तिने ती सगळ्यांना वाटली. म्हातारीने आपलं फूल उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "शिवण सरळ आहे. तिला चाललं असतं."

काठाला लागताना फाई पहिल्यांदा बोलली. "तो हसणारा माणूस कोण होता?"

"माझा नवरा. तुमच्याकडे यायचा होता. मी येऊ दिला नाही."

"कधी वारले?" चानताईने सांगितलं. मुलीने मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हणजे आमच्या वर्गाला मिळाले असते." एवढंच बोलली. रागाने नाही, पण चानताई अजूनही म्हणते, त्यापेक्षा तिने माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

एवढं झाल्यावर लामाईताईंना सांगणं राहिलं होतं. ते तिला सगळ्यात जड होतं. मी सोबत गेले, कारण तिनेच म्हटलं, मी वाटेतून पळाले तर धर.

लामाईताई अंगणात मासे वाळत घालत होत्या. चानताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, हात जोडले आणि म्हणाली, "ताई, मी खोटं बोलले. त्याने विचार बदललेला नव्हता."

लामाईताईंचा हात माशावरच थांबला.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात भाजी द्यायला इथे आला होता. इथेच बसला होता. म्हणाला, ताई, मी गेलो की तू तुझं तोंड बंद ठेव, चानच्या आडवी येऊ नकोस. मी म्हटलं, बरं." त्यांनी तो मासा टोपलीत टाकला, परत काढला. "आणि तिथे पोचल्या पोचल्या मी आडवी आले. तू म्हणालीस ना, त्याने विचार बदलला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, पाप असलंच तर हिचं. मी मोकळी."

एक मांजर मासा ओढून घेऊन गेलं, तरी कुणी हाकललं नाही. मग लामाईताईंनी खांद्यावरचं फडकं तोंडाला लावलं आणि त्या अशा रडल्या, की तशा त्या मयतालाही रडल्या नव्हत्या. चानताई जवळ सरकली नाही, उठूनही गेली नाही.

आता चानताईनेही आपलं नाव कॉलेजात दिलंय. "हे त्याच्या बदल्यात नाही," ती मला बजावते. "त्याचं मी खाल्लं ते खाल्लं. हे माझं." दर वर्षी दहनाला ती फुलं घेऊन जाते आणि मांडवाच्या मागे उभी राहते. कोणत्या गुरुजींच्या, असं कुणी विचारलं तर म्हणते, कुणाच्याच नाही, फक्त फुलं माझी.

आपण गेल्यावर कॉलेजला फोन कोण करणार, म्हणून तिने माझं नाव सांगितलं. दुसरं एक असावं म्हणून लामाईताईंना विचारायला गेली. ताईंनी मान हलवली.

"मला नको धरूस त्यात, चान. आयत्या वेळी मी काय करीन, माझं मलाच माहीत नाही."